सोडून का देत नाही?

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस चहा व्हायच्या आत मला एकच गोष्ट विचारतो. "बाई, मुकी जनावरं हायेत ही. काहून कोंडून ठेवलीत? मोकळी सोडून द्या की, पुण्य लागंल." परवा शाळेची लेकरं आली होती, त्यांच्या गुरुजींनीही तेच विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

परभणीजवळ आमच्या शेतातल्या जुन्या आखाड्यावर मी लोकांना नकोशी झालेली छोटी आणि परदेशी जनावरं सांभाळते. ससे, गिनीपिग, हॅमस्टर, लव्हबर्ड म्हणून विकतात ते बजरीगर, लाल कानाची कासवं, एक इग्वाना म्हणजे मोठा परदेशी सरडा. गाई-बैलांसाठी गोशाळा आहेत, कुत्र्या-मांजरांना गल्लीत कुणी ना कुणी भाकर टाकतं. वाढदिवसाला हौसेनं आणलेल्या सशाला मात्र दोन-तीन महिन्यांनी कुणीच वाली उरत नाही.

सशापासूनच सुरुवात करते, कारण 'सोडून द्या' म्हणणाऱ्यांच्या मनात बहुधा तोच असतो. "आपल्या शिवारात ससे हायेतच की, त्यांच्यात मिसळून जाईल." तो मिसळत नाही. तुरीच्या ओळीतून उडी मारून पळतो तो आपला रानससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ करत नाही, उघड्यावर गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. बाजारातला पांढरा ससा मूळचा युरोपातल्या, स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशांचा वंशज. त्याची पिल्लं उघडी-नागडी, आंधळी असतात, त्यांना ऊबदार बीळ लागतं. दोघांचा संकरही होत नाही. आता आमची काळी माती डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात तिचा चिखल होतो, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे बीळ काढायचं कुठे? आणि त्या काळ्या रानात पांढराशुभ्र ससा कोसभरावरून दिसतो. मुंगूस, कोल्हा, गावातली कुत्री, घार, कुणालाही तो चुकवता येत नाही. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढल्यामुळे धोका ओळखून पळायचं त्याला सुचतही नाही. बहुतेक वेळा अशा सशाची पहिली रात्रच शेवटची ठरते.

शिवाय आमचं ऊन. परभणीत मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो बरीचशी कानांवाटे बाहेर टाकतो; हवा तिशीच्या पुढे गेली की त्याला त्रास सुरू होतो. म्हणून माझं अर्धं वर्ष उन्हाशी झुंजण्यातच जातं. भिंतीला तुराट्यांचा कूड, पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर, दारांना ओली पोती, कूलर. आणि लाइट गेली तर म्हणून फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायच्या. ससे त्यांना अंग लावून पडून राहतात. गिनीपिग तर उन्हाला सशाहून नाजूक. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. माणसासारखंच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातून द्यावं लागतं, नाहीतर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. पेरू, कोथिंबीर, शेवग्याचा पाला हे आपल्याकडे मुबलक आहे, म्हणून ते इथे जगू शकतात. पण कुणी हाताने आणून घातलं तर.

कासवाची गोष्ट याच्या उलट. ससा सोडला तर ससा मरतो. कासव सोडलं तर ते जगतं आणि भोगावं दुसऱ्यांना लागतं.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हे हिरवं पिल्लू प्लास्टिकच्या भांड्यात ठेवून विकतात. कुणी वास्तूसाठी घेतं, कुणी लेकराच्या हट्टापायी. 'एवढंच राहतं' असं सांगून ते गळ्यात मारलं जातं. ते एवढंच राहत नाही. मादीची पाठ जवळजवळ फूटभर होते आणि आयुष्य तीस वर्षांचंही असू शकतं. पाण्याला वास येऊ लागतो, भांडं पुरत नाही, ऊन न मिळाल्यानं पाठ मऊ पडते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, देवाचं आहे, पाण्यात सोडून येऊ. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव कोरलेलं असतं, त्यामुळे देवळाशेजारची बारव आधी आठवते. नाहीतर जायकवाडीचा कालवा आहेच.

हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत घातक 100 परक्या आक्रमक प्रजातींची जी यादी आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली आहे, तिच्यात त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 साली त्याची आयात बंद केली. ते पाणवनस्पती, मासे, बेडूक, काहीही खातं आणि ऊन खायच्या मोक्याच्या जागा बळकावतं. आपल्या विहिरी-तळ्यांत, गोदेच्या पात्रात जे पाणकासव शतकानुशतकं राहत आलंय, त्याच्या तोंडचा घास आणि बसायची जागा हे नवं कासव हिसकावून घेणार. माझ्या हौदातलं प्रत्येक कासव म्हणजे कालव्यात न गेलेलं एक कासव आहे, आणि माझ्या सगळ्या कामात मला याचं समाधान सर्वांत जास्त वाटतं.

पक्ष्यांचं थोडक्यात सांगते. बजरीगर ऑस्ट्रेलियाचा. रानात तो हिरवा-पिवळा असतो. निळे आणि पांढरे हे माणसानं पिंजऱ्यात तयार केलेले रंग. थव्यानं जगणारा हा पक्षी आपल्या बाभळीवर एकटा बसला की कावळे आणि शिक्रा त्याला संध्याकाळपर्यंत ठेवत नाहीत.

जे खरंच इथलं आहे, ते मात्र माझ्याकडे राहतच नाही. कुणी आपला साधा पोपट किंवा चांदणी कासव घेऊन आलं तर मी 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनवर फोन लावून देते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही दोन्ही घरात पाळता येत नाहीत, आणि त्यांना परत रानात कधी, कुठे सोडायचं हे ठरवणं त्या विभागाचं काम. इग्वानासारख्या परदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याचे नियम 2024 च्या फेब्रुवारीत आले. त्या धास्तीनंही काहींनी जनावरं रातोरात टाकून दिली. नोंद करणं अवघड नाही, मी स्वतः करून देते. उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे.

पिंजरा मला आवडतो असं नाही. पण या जनावरांचं मोकळेपण दुकानात येण्याच्या कितीतरी आधी, कुणाच्या तरी आजा-पणजाच्या काळात संपलं. दार उघडून ते मी त्यांना परत देऊ शकत नाही. सावली, वेळेवर पाला, जोडीला आपल्या जातीचं कुणीतरी आणि मरेपर्यंत हक्काची जागा, एवढं देऊ शकते. नर-मादी मी वेगळे ठेवते. सशाची मादी महिन्याभरात विते आणि व्यायल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, आणि मला इथे एकही जीव वाढवायचा नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. ते फार वाढले की परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेते. माझ्यानंतर कासवांचं कोण बघणार हे आत्ताच पुतणीशी बोलून ठेवलंय.

तुमच्या घरात असं जनावर असेल आणि सांभाळणं होत नसेल, तर आणून द्या. मी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त रात्री फाटकापाशी खोका ठेवून जाऊ नका, सकाळपर्यंत मुंग्या लागतात. दिवसा या. त्याचा पिंजरा, त्याच्या अंगाखालचं मळकं फडकं, तो काय खातो, वय काय, याआधी आजारी कधी पडला होता, हे सगळं बरोबर आणा. ओळखीचा वास जवळ असला की पहिल्या रात्री ते लवकर खायला लागतं.