हवामानाचं ॲप उघडण्याआधी त्यामागचं मॉडेल बघा

फोनवर हवामानाची चार ॲप आहेत म्हणजे चार वेगळे अंदाज मिळतात, असं नाही. बहुतेक ॲप स्वतः अंदाज काढतच नाहीत. मोजक्या सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संस्था महासंगणकांवर जागतिक मॉडेल, म्हणजे वातावरणाचं गणित सोडवणारे संगणकी कार्यक्रम, चालवतात आणि त्यांचेच आकडे थोडीफार डागडुजी करून, वर ढगाचं चित्र चिकटवून आपल्यासमोर येतात. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस आणि जर्मनीचं आयकॉन ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. दोन ॲप जीएफएसवरच चालत असतील आणि दोन्ही उद्या पाऊस सांगत असतील, तर एकच साक्षीदार दोनदा बोलला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून स्रोत निवडताना पहिली कसोटी: मॉडेलचं नाव दिसतं का? विंडी, मीटिओब्लू, व्हेंटुस्काय या हवामानाच्या साइटवर ते दिसतं आणि बदलताही येतं. विंडीवर नकाशात आपलं ठिकाण निवडलं की तुलनेचा पर्याय मिळतो. तिथे तीन-चार मॉडेलचे तक्ते एकाखाली एक येतात. सगळ्यांचं जुळलं तर अंदाजावर बऱ्यापैकी विसंबता येतं. एक १ मिलिमीटर म्हणतंय आणि दुसरं ४०, तर सरासरी काढत बसू नका. पाऊस पडेल, पण नेमका कुठे हे अजून ठरलेलं नाही, असा त्याचा सहसा अर्थ असतो.

दुसरी कसोटी ताजेपणाची. मॉडेल यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार ००, ०६, १२ आणि १८ वाजताच्या नोंदी घेऊन चालतात, पण निकाल हाती यायला काही तास जातात: जीएफएसला साधारण चार-पाच, ईसीएमडब्ल्यूएफला त्याहून थोडे जास्त. शेवटचं अद्ययावतन कधी झालं हे जी साइट सांगत नाही, ती अर्ध्या दिवसापूर्वीचा अंदाजही बिनदिक्कत दाखवत असू शकते. सोबत सेटिंगमध्ये वेळ स्थानिक आहे की यूटीसी, तेही पाहून घ्या. दिवसाची पावसाची बेरीज कुठल्या मध्यरात्रीपासून धरली आहे, यावर रात्रीचा पाऊस आज मोजला जाणार की उद्या, हे ठरतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: खोटा नेमकेपणा. मॉडेल पृथ्वीचे चौकटींत तुकडे पाडून हिशेब करतं. जीएफएसची एक चौकट साधारण १३ किलोमीटरची, ईसीएमडब्ल्यूएफची ९ किलोमीटरची. गडगडाटी ढग यापेक्षा लहान असू शकतो. मॉडेल असा एकेक ढग घडवत नाही, चौकटीपुरता त्याचा ढोबळ हिशेब मांडतं. त्यामुळे ‘३ वाजता पाऊस, ४ वाजता ऊन’ हे तुमच्या गल्लीसाठी शब्दशः घेण्यात अर्थ नाही. काही देशांत १ ते ३ किलोमीटरची प्रादेशिक मॉडेल चालतात (फ्रान्सचं अरोम, अमेरिकेचं एचआरआरआर). तुमच्या भागासाठी तसं असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांसाठी तेच आधी बघा. डोंगराळ भागात चौकटीची सरासरी उंची आणि तुमच्या जागेची उंची यांत फरक पडतो. १००० मीटरला सरासरी ६.५ अंश धरले, तर ३०० मीटरच्या तफावतीत जवळपास २ अंशांचा घोळ होतो. काही साइट ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत.

‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. असा अंदाज दहा वेळा दिला, तर साधारण चार वेळा त्या ठिकाणी पाऊस पडावा. किती पडेल, हे त्यात नसतं. त्यासाठी मिलिमीटरचा आकडा वेगळा वाचावा लागतो.

पुढच्या एक-दोन तासांसाठी मॉडेल सोडा आणि रडार उघडा. गेल्या अर्ध्या तासाची हलती चित्रं पाहिली की सर कुठून कुठे सरकतेय ते कळतं. चित्रावरची वेळ मात्र वाचा. शिवाय रडारचा किरण दूर जाताना जमिनीपासून उंच होत जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात २०० किलोमीटरवर तो सुमारे ४ किलोमीटर उंचीवर असतो. खालच्या ढगांतली रिमझिम त्याला दिसतच नाही. रडार कोरडं आणि बाहेर भुरभुर, हा प्रकार बऱ्याचदा यातूनच घडतो.

पाच-सहा दिवसांपलीकडे एकच आकडा देणाऱ्या साइटपेक्षा समूह-अंदाज दाखवणारी साइट घ्या. ईसीएमडब्ल्यूएफ सुरुवातीच्या नोंदी किंचित बदलून ५१ वेळा मॉडेल चालवतं, जीएफएसचा समूह ३१ चा. आलेखात प्रत्येक वेळची एक रेषा असते. या रेषा एकत्र राहिल्या तर ठीक. फुलबाजीसारख्या फुटल्या, की त्यापुढचं वाचणं सोडून द्यायचं.

वादळ, पूर, वीज यांचे इशारे मात्र फक्त देशाच्या अधिकृत हवामान खात्याचेच. तिथे माणूस मॉडेल वाचून निर्णय घेतो. कुणीतरी फिरवलेला दहाव्या दिवसाच्या चक्रीवादळाचा लालभडक नकाशा हा बहुधा एका मॉडेलच्या एकाच फेरीचा असतो. पुढच्या फेरीत ते वादळ गायबही होतं.

तुमच्या जागेसाठी कोणता स्रोत बरा, हे पडताळून बघता येतं. दोन आठवडे रोज संध्याकाळी तीन स्रोतांतलं उद्याचं कमाल तापमान आणि पाऊस हो-नाही, एवढंच लिहा. दुसऱ्या दिवशी जवळच्या हवामान केंद्राच्या किंवा विमानतळाच्या प्रत्यक्ष नोंदीशी ताडा. फोनवरच्या ‘आत्ताचं तापमान’शी ताडू नका, तो आकडाही अनेकदा मॉडेलमधूनच आलेला असतो.