रोल संपलाय, जरा धरून ठेव

आमच्या लॅबमध्ये नानांची खुर्ची ठरलेली आहे. महाद्वार रोडवरचा स्वतःचा स्टुडिओ त्यांनी कधीच बंद केला, पण सकाळी अकराच्या चहाला हजर म्हणजे हजर. चहाबरोबर एक थाप. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्यांनी एकाच्या म्हशीचा फोटो काढला, तर निगेटिव्ह बघून मालक रडायलाच लागला म्हणे, "म्हैस पांढरी पडली, दूध काळं आलं, आता गिऱ्हाईक कुठलं यायला!" किरणोत्सवात मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायांपर्यंत पोचली आणि ढग आडवा आला, तेव्हा महाद्वारातनं फ्लॅश मारून पुढचं काम यांनीच पुरं केलं. (एवढी एक थाप मारून झाली की ते स्वतःच कान पकडतात. देवीचं आहे ना.)

या सगळ्यांच्या वरताण खासबागेची. शाहू महाराजांनी 1912 साली हे कुस्तीचं मैदान बांधलं, तेव्हा आपण तिथं नव्हतो, इतकं नाना कबूल करतात. त्यानंतरचं सगळं त्यांच्यासमोर घडलंय.

तर मैदान गच्च, हलगी कडाडतेय, आणि एका पैलवानानं दुसऱ्याला उचलून थेट डोक्यावर घेतला. नेमका तेव्हाच नानांच्या यशिका कॅमेऱ्यातला रोल संपला. बाराच फोटो निघायचे त्या रोलवर. नाना ओरडले, "थांब गा पैलवान, रोल संपलाय, जरा धरून ठेव!" आता तो रोल बदलायचा म्हणजे काय कमी उपद्व्याप? भरलेला रोल काढा, त्याच्या कागदी पट्टीला जीभ लावून चिकटवा, उन्हाकडं पाठ करून नवा घाला, कागदावरचा बाण खुणेला जुळवा. नाना हे सगळं हातानं करून दाखवतात, जीभसुद्धा लावतात. तोवर हलगीवाला त्याच ठेक्यावर अडकलेला, पंचानं शिट्टी दातात धरलेली. आणि वर आडवा झालेला गडी म्हणतोय, "फोटोवालं, डावीकडनं घ्या. उजव्या गालावर फोड आलीया."

ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. फोटो कधी बघितला नव्हता.

गेल्या महिन्यात कागलकडचे एक पाहुणे आले. वडिलांचा कुस्तीतला फोटो मोठा करून गावच्या तालमीत लावायचा होता. खिशातनं पिवळं पडलेलं पाकीट काढलं, त्यावर शिक्का नानांच्या स्टुडिओचा. नाना खुर्चीत सावरून बसले. मी मुद्दाम काही बोललो नाही.

निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवली. दोन पैलवान, हातात हात, कॅमेऱ्याकडं बघतायत. कुस्तीआधीची सलामी. चारही पाय जमिनीवर. मला असला आनंद झाला म्हणून सांगू! भिंग नानांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नाना, हवेतला कुठला?"

त्यांनी निगेटिव्ह उचलली, उजेडात तिरपी धरली. "हवेतला दुसऱ्या रोलवर. तू हितं बघ आधी. फोड."

बघितलं. निगेटिव्हच्या बिनचकाकीच्या बाजूला, समोरच्या गड्याच्या उजव्या गालावर, पेन्सिलीच्या केसाएवढ्या बारीक रेघा होत्या. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो, तिथं पेन्सिल भरली की प्रिंटमध्ये तो उजळून जातो. आज मी माऊसनं दोन सेकंदांत करतो ते काम, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान गालावर हातानं केलेलं. फोड होती खरी. मी गप्प झालो.

पाहुणे हेल्मेट हातात घेऊन उभे होते. मधेच म्हणाले, "उचलणारे आमचे वडील. ते सांगायचे की. फोटोवाला म्हणाला थांब, म्हणून गडी डोक्यावर घेऊन उभा राहिलो. रोल बदलला, वर चहा पिऊन आला, तरी मी आपला तसाच."

मला वाटलं, आता नाना खूश होणार, साक्षीदारच मिळाला. पण त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा पडलेला.

"चहा? भर कुस्तीत चहा कोण पितंय?" ते म्हणाले. "सोडा पिलो."