वेबसाइट आपली, किल्ली दुसऱ्याची

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानाला वेबसाइट लागते ती केवढी? वीस-पंचवीस पानं, फोटो, पत्ता, नंबर. त्यासाठी तयार वेबसाइट भाड्यानं देणाऱ्या कंपनीला दरवर्षी भाडं, मराठी पानं हवीत तर वरचा प्लॅन, आणि सोडून जातो म्हटलं की मजकूर बाहेर निघतच नाही! पैसे देण्याआधी 'एक्सपोर्ट', म्हणजे सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोय, कुठं आहे ते दाखवायला सांगा. नसलं तर तिथंच नमस्कार.

आधीच अडकला असाल तर पहिलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, बघा. नोंदणी तुमच्याच नावावर आणि ईमेलवर हवी. मग साइटमॅपमधून, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीतून, पानांचे जुने सगळे पत्ते (लिंका) शीटमध्ये उतरवा, फोटो मूळ आकारात काढा. नवी साइट वर्डप्रेसवर करा; साइट बनवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, होस्टिंगचे (साइट ठेवायच्या सर्व्हरचे) तेवढे पैसे. डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदी) बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे साठून राहण्याची मुदत, 300 सेकंदांवर आणा. त्यातल्या एमएक्स, म्हणजे मेल कुठं जायचे ते सांगणाऱ्या, नोंदी नव्या जागी भरायच्या राहिल्या तर मेल बंद पडतात, आणि ते कळतं गिऱ्हाइकाच्या फोनवरून. जुना प्रत्येक पत्ता 301 नं (कायमचं वळवण्याच्या सूचनेनं) त्याच्याच नव्या पानाकडे वळवा. सगळे मुखपृष्ठावर ढकलले तर गूगल ती पानं हरवलेलीच धरतं.

मराठीची गोची वेगळीच. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला 200 जागा असतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 9 जागा खातं. काना-मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्हसुद्धा वेगळं मोजतात. म्हणजे 'को' झाला 18. त्यामुळं 'कोल्हापुरी चप्पल पुरुषांसाठी' या शीर्षकाचा पत्ता 'पुरुषां'वरच तुटतो. पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत हातानं लिहा, आणि तोही प्रकाशित करण्याआधीच.