तुम्ही विचारलंत म्हणून: पण ती रेसिंग आहे का?

‘ड्रिफ्टिंग म्हणजे खरी रेसिंग का हो?’ हा प्रश्न मला ज्या सुरात विचारतात, त्या सुरातच त्याचं उत्तर असतं. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचं असतं, आणि तेही माझ्या तोंडून. कारण मी आधी सर्किटवर गाड्या पळवल्या आणि आता ड्रिफ्टच्या, म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी वळणांतून आडवी नेण्याच्या, स्पर्धांना जज म्हणून बसते. आयता फितूर साक्षीदारच सापडला म्हणायचा. आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदा काय ते लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी ‘हे वाचा’ म्हणून मोकळी होईन.

आधी तुमचं म्हणणं मान्य करते, कारण एके काळी ते माझंच होतं. डांबरी ट्रॅकवर गाडी आडवी गेली की वेळ गेला. रेसिंगचा टायर जास्तीत जास्त पकड देतो तो साधारण ६ ते १० अंश घसरत असताना. ड्रिफ्टमध्ये गाडी ४०-५० अंश आडवी असते, कधी त्याहूनही जास्त. इंजिनाची ताकद गाडी पुढे न्यायच्या ऐवजी टायर जाळण्यात जाते. त्याच वळणावर ग्रिपने गेलेली गाडी केव्हाच दिसेनाशी झालेली असेल. सर्किटवर माझी मागची चाकं सुटली की आमचे इंजिनिअर डेटाच्या आलेखावर बोट ठेवून विचारायचे, ‘इथे काय, नाच केलात?’ मी ओशाळायचे. त्यामुळे ड्रिफ्टिंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आम्ही ज्याबद्दल बोलणी खातो तेच ही मंडळी मुद्दाम करतात आणि वर टाळ्या घेतात. ‘सर्कस आहे’ असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. ते ऐकलेले लोक अजून माझ्या ओळखीत आहेत आणि संधी मिळाली की आठवण करून देतात.

पण आडवी गाडी म्हणजे रेसिंग नव्हे, हे ठरवलं कोणी? १९३०च्या दशकात नुव्होलारी आणि १९५०च्या दशकात फँजिओ हे नामवंत रेसर चारही चाकं घसरवत वळणं घ्यायचे. त्या काळच्या अरुंद टायरांना तेच मानवायचं आणि वेळही त्यातच वाचायचा. सैल मातीवरच्या रॅलीत आजही आडवं जाणारा पुढे असतो. टायर रुंद झाले, त्यांची जात बदलली, म्हणून डांबरावर नीट चालवणं वेगवान ठरलं. म्हणजे ‘खरी रेसिंग’ कशी दिसावी हे रबराने ठरवलं, आणि आपण ते धर्मवचन असल्यासारखं म्हणत बसलो.

आणि ‘ड्रिफ्टवाल्यांना रेस जमत नाही म्हणून ते इकडे येतात’ हे तर बोलूच नका. कुनिमित्सु ताकाहाशी १९६१ साली मोटरसायकलची ग्रांप्री जिंकणारा पहिला जपानी. नंतर तो गाड्यांकडे वळला आणि निस्सानची स्कायलाइन वळणात घसरवत नेऊ लागला. ते पाहून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तेच करायला शिकला. पुढे त्यालाच सगळे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणू लागले. हे दोघं आणि अकिरा इइदा, असे तिघं १९९५ला फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीला होंडा एनएसएक्स घेऊन गेले आणि २४ तास चालवून जीटी२ वर्ग जिंकून आले. त्सुचिया १९९९ला टोयोटातून तिथेच एकूण दुसराही आला.

हे मी प्रत्येक वादात फेकते आणि समोरचा गप्प बसतो. खरं सांगायचं तर त्याने गप्प बसायचं कारण नाही. ल माँला त्सुचिया काही ड्रिफ्ट करत नव्हता. उत्तम गवई उत्तम पोहत असला म्हणून गाणं म्हणजे पोहणं होत नाही. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचंही तसंच. त्यांनी २०१७ साली टोकियोत ड्रिफ्टिंगचा आंतरखंडीय कप भरवला, तेव्हा आमच्याकडे काय आनंद झाला होता! शिक्का बसला म्हणे. शिक्क्याने परवाने मिळतात, विमे मिळतात. वाद मिटत नाही.

घड्याळाचा मुद्दा जरा जड आहे. ‘आमच्याकडे निकाल घड्याळ देतं, तुमच्याकडे तीन माणसं देतात,’ हे जुने सहकारी फार समाधानाने म्हणतात. मी त्यांना फॉर्म्युला वनची २०१९ची कॅनडाची ग्रांप्री आठवून देते. फेटेल पहिला आला आणि हॅमिल्टन जिंकला. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, फेटेलला पाच सेकंदांची पेनल्टी दिली होती, कारण तो गवतावरून परत आला तो धोकादायक पद्धतीने, असं त्यांचं मत पडलं. मत! फेटेलने गाड्यांच्या जागी लावलेल्या १ आणि २ आकड्यांच्या पाट्या स्वतःच्या हाताने अदलाबदल केल्या होत्या, आठवतंय? तेव्हा घड्याळ कुठे होतं?

यावर माझ्यातली जुनी रेसर लगेच म्हणते, ‘अगं, तिकडे ते कधीमधी होतं म्हणून बातमी होते. तुमच्याकडे रोजचंच आहे.’ तिचं बरोबर आहे.

आणखी एक कबूल करते, ड्रिफ्टवाले मित्र रागावले तरी. पात्रता फेरी ही रेसिंग नाही. गाडी एकटी येते, आम्ही लाइन, अँगल, स्टाइल बघतो, शंभरातून गुण देतो, गाडी जाते. स्की जंपिंगलाही असेच पंच असतात, पाच जण, प्रत्येकाकडे वीस गुण. त्याला कोणी शर्यत म्हणत नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. तुम्ही फक्त पात्रता फेरी बघून घरी गेला असाल, तर तुमचा प्रश्न रास्त आहे.

टँडम, म्हणजे एक गाडी पुढे आणि दुसरी तिला चिकटून मागे अशी दोघांची लढत, बघून गेला असाल तर मात्र थांबा. त्यातल्या एका लढतीबद्दल सांगायचं आहे.

उपांत्य फेरी होती. एक निळी गाडी, एक पांढरी. पहिल्या रनला निळी पुढे, पांढरी मागे. पांढऱ्याने पाठलाग नीट केला, पण दोघांच्या मध्ये आणखी एक गाडी मावली असती. दुसऱ्या रनला अदलाबदल, आता निळा चेस, म्हणजे पाठलाग, करणार. त्याने क्लच किक मारून, म्हणजे क्लच झटक्यात दाबून सोडून, गाडी आडवी टाकली ती थेट पांढऱ्याच्या दाराशी. तिथून तो हललाच नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मागच्याला पुढची गाडी दिसत असेल. दिसत नाही. त्याच्या काचेवर पुढच्याच्या टायरचा धूर असतो. त्या धुरात पुढच्या गाडीचं पुढचं चाक शोधायचं, ते कुठे वळलंय त्यावरून ती कुठे जाणार हे ताडायचं, आणि चाकही हरवलं की इंजिनाच्या आवाजावर चालवायचं. दिशा बदलायच्या जागी दोन्ही गाड्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर एकदमच फिरल्या. माझ्या शेजारचा जज खुर्चीतून उठला. मीही उठले होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

मग शेवटच्या क्लिपिंग पॉइंटच्या, म्हणजे गाडीने जवळून जायच्या ठरलेल्या जागेच्या, अलीकडे पांढऱ्या गाडीमागचा धूर विरळ झाला. क्षणभरच. धूर विरळ झाला म्हणजे मागची चाकं मंदावली. एक तर पाय ॲक्सिलरेटरवरून उठला असेल, नाही तर हँडब्रेकला हात गेला असेल. निळ्यापुढे दोनच वाटा होत्या, पांढऱ्याच्या दारात घुसायचं किंवा गाडी सरळ करायची. त्याने सरळ केली. ड्रिफ्ट तुटला.

नियम कागदावर स्वच्छ आहे. जिथे वेग धरायचा तिथे पुढच्याने तो सोडला आणि त्यापायी मागच्याचा ड्रिफ्ट तुटला, तर दोष पुढच्याचा. मागचाच अंदाज चुकून जास्त वेगात आत आला, तर दोष त्याचा. अडचण अशी की या दोन्ही गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसतात. आम्ही रिप्ले पाहिला. मग दुसऱ्या कॅमेऱ्यातून पाहिला. मग आवाज वाढवून पाहिला, कारण पाय उठला की इंजिनाचा सूर उतरतो. पण दोन इंजिनं एकत्र ओरडत होती, त्यात कोणाचा सूर उतरला ते कळेना. मला आठवलं की पांढऱ्याने पात्रता फेरीतही याच जागी गाडी किंचित सावरून घेतली होती. पुढच्याने पात्रतेत चालवली तशीच इथे चालवायची असते, आणि मागच्याने ते आधी बघून ठेवायचं असतं. माझं पारडं तिथे झुकलं. एका जजचं मत निळ्याला, दुसऱ्याचं पांढऱ्याला. ‘वन मोर टाइम’ म्हणायचा मोह झाला. पण ती पुन्हा पळवायची सोय लढत बरोबरीची झाली तर, जजला अवघड वाटलं तर नव्हे. मी पांढऱ्याला मत दिलं.

संध्याकाळी निळ्या गाडीचा पोरगा मला शोधत आला. हेल्मेट अजून काखेत. मी मनातल्या मनात नियमांची कलमं जुळवायला लागले. त्याने मोबाइल पुढे केला. गाडीच्या आतला व्हिडिओ. बराच वेळ नुसता राखाडी पडदा, त्यात मधूनच दिसणारं चाक, आणि मग एकदम दार. पांढरं दार, त्याच्यावरचे स्टिकर वाचता यावेत इतकं जवळ.

‘मॅडम, निकालाबद्दल नाही बोलत मी,’ तो म्हणाला. ‘एकच विचारायचंय. तुम्ही सर्किटवर रेस केलीये ना? तिथे पुढचा असा ढिला पडला असता तर तुम्ही काय केलं असतंत?’

‘आतून काढली असती.’

‘जागा होती?’

व्हिडिओत दिसत होती. आतल्या बाजूने अख्खी गाडी निघाली असती.

‘म्हणजे तिकडे हीच रेस मी जिंकलो असतो.’

मी त्याला चेस करणाऱ्याची जबाबदारी वगैरे समजावून सांगितली. बरोबरच सांगितली. तो ‘हो मॅडम’ म्हणाला आणि गाडी ट्रेलरवर चढवायला गेला.

माझं मत चुकलं का? नाही. तीच दृश्यं पुन्हा दाखवा, मी तेच मत देईन. पण निळा हरला असं मला त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ही दोन वाक्यं एकत्र नांदत नाहीत हे मला कळतं. ती मी अजून जुळवू शकलेले नाही.

जुन्या रेसरला तर आयतं कोलीत मिळालं. ‘पुढे काढायला जागा दिसते आणि काढायची नाही, ही कसली रेसिंग?’ तिला मी जे सांगते ते तुम्हालाही सांगते. सर्किटवर मी प्रतिस्पर्ध्यापासून सुटका करून घ्यायला चालवायचे. माझी सगळ्यात देखणी रेस म्हणजे पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून, सुटले, पहिल्याच वळणात पुढे गेले आणि नंतर शेवटपर्यंत आरशात कोणी आलंच नाही. कप मिळाला. त्या रेसमध्ये शर्यत किती होती? मी घड्याळाशी गप्पा मारत फेऱ्या पूर्ण केल्या. तो पोरगा मात्र दुसऱ्या माणसाच्या दारापाशी, आंधळ्यासारखा, मुद्दाम टिकून राहिला. पुढच्याला एवढ्या जवळून, एवढा वेळ, मी सर्किटवर कधी सोसलेलं नाही. पुढच्याच्याही मानेवर तो सतत श्वास. एकमेकांवर एवढी मात करायची धडपड जिथे आहे त्याला रेसिंग म्हणायचं नाही, तर मग माझ्या त्या कपाला काय म्हणायचं?

ती म्हणते, ‘काहीही म्हण, पण तो कप तुझा होता यावर कोणी मोबाइल घेऊन आलं नाही.’

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मध्यंतरी मी आयोजकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. टँडमला दोन्ही गाड्यांवर सेन्सर लावा. ॲक्सिलरेटर, ब्रेक, हँडब्रेक, सगळं आम्हाला रिप्लेबरोबर दिसू दे. जपानच्या डी१ ग्रांप्री या ड्रिफ्ट मालिकेत गाडीचा वेग आणि कोन यंत्राने मोजून गुण देतात, मग आपण आणखी एक पाऊल टाकायला काय हरकत आहे? मला वाटलं, ड्रायव्हर डोक्यावर घेतील. निम्म्यांनी विरोध केला. आलेख आले की आम्ही आलेखासाठी चालवायला लागू, असं त्यांचं म्हणणं. विरोधाच्या पत्रावर पहिली सही निळ्या गाडीवाल्याची. मी त्याला गाठून विचारलं, ‘अरे, तुझ्यासाठीच तर हे करतेय.’ तर म्हणाला, ‘निकाल यंत्राकडूनच घ्यायचा असता तर मी लॅप टाइम मोजत बसलो असतो ना, मॅडम.’

प्रस्ताव मी मागे घेतलेला नाही.