तुम्ही विचारलंत म्हणून: नागपुरात कुठे येतो भूकंप?

घराचा नकाशा घेऊन येणारे बहुतेक जण मला विचारतात, "मॅडम, नागपुरात कुठे येतो भूकंप? मग एवढं लोखंड कशाला?"

नागपूर झोन २ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे, हे खरं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीही नकाशात सर्वात कमी धोक्याच्याच पट्ट्यात होतं.

आपल्याला वारा ओळखीचा. बांधकामाच्या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, ताशी जवळपास १५८ किलोमीटर. हा वारा नुसता ढकलत नाही, वर उचलतोही. म्हणून अवकाळीत शेडवरच्या टिना उडतात. त्याच शेडला भूकंप फारसं काही करत नाही, कारण त्याला वजनच नाही. स्लॅबच्या घराचं उलट. जमीन सरकते, घराचं वजन जागेवरच राहू पाहतं आणि ती ओढाताण कॉलम सोसतात. वजन जितकं जास्त, तितका जोर जास्त.

त्यात खाली मोकळं पार्किंग असेल तर वरचे मजले भिंतींमुळे ताठ राहतात आणि सगळं हलणं तळातल्या कॉलमवर येतं. २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती बसल्या.

म्हणून लोखंड किती, यापेक्षा ते कसं वाकवलंय हे मी आधी पाहते. मागच्या महिन्यात बेसा भागातल्या एका साइटवर कॉलमच्या पिंजऱ्यात हात घातला, तर उभ्या सळ्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात वळवलेली. जोराचा हादरा बसला की बाहेरचं काँक्रीट सुटतं, अशी रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. टोक १३५ अंशांत आत वळवलं की ते कॉलमच्या गाभ्यात रुतून बसतं. झोन २ मध्ये नियम याची सक्ती करत नाही. मी करते. लोखंड रिंगेमागे बोटभर जास्त लागतं, मेहनत मात्र खूप वाढते.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, काँक्रीट टाकल्यावर कोनाले दिसते?"

मी घरमालकांना जवळ बोलावलं, रिंगेचं टोक त्यांच्या हाताला लागू दिलं आणि समजावलं. ते मिस्त्रीला म्हणाले, "सोडा सगळ्या."

काँक्रीट दोन दिवस उशिरा पडलं.