काही त्रास नसताना तपासणी कशाला?

‘डॉक्टर, मला काहीच होत नाही, मग तपासण्या कशाला?’ चाळिशी ओलांडलेले लोक मला हे हमखास विचारतात. ज्यांना पटलेलं असतं, ते दुसरं टोक गाठतात, ‘मग एकदाच सगळ्या करून टाकू का?’ तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देते.

रक्तदाब वाढला तरी बहुतेकांचं ना डोकं दुखतं, ना गरगरतं. साखरेचंही सुरुवातीला तसंच. त्रासाची वाट पाहत बसलं, तर पहिला त्रास पक्षाघाताचाच असू शकतो. म्हणून माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे बीपी मोजणं. पण ते नीट मोजायला हवं. जिना चढून आल्या आल्या नको, बाहीवरून पट्टा गुंडाळून नको. आधी लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून ५ मिनिटं स्वस्थ बसायचं, हात छातीच्या उंचीला टेकवायचा आणि मोजताना बोलायचं नाही. एवढ्यानंच आकडा खाली आलेला मी पुष्कळदा पाहिलाय. तरीही जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा.

कर्करोगाच्या काही तपासण्या तर आजार होऊच देत नाहीत. मोठ्या आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे छोटीशी गाठ वाढते. तिचा कर्करोग व्हायला बहुधा १० वर्षं तरी जातात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासताना, ती दिसली, की बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढता येते. गर्भाशयमुखाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू आहे का याची तपासणी, करायला सांगते. ‘पाळी गेली, आता कशाला?’ असं म्हणणाऱ्या बायकांना मी हात धरून बसवते. पाळी गेली म्हणून हा धोका जात नाही.

मग सगळ्याच का नको? दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्याची सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तेवढंच राहिलं. ज्या गाठींनी आयुष्यभर काही केलं नसतं, त्यांच्यासाठी लोकांनी थायरॉइड काढून घेतली आणि अनेकांच्या मागे जन्माची गोळी लागली. त्यामुळे पॅकेजमध्ये किती चाचण्या आहेत हे मोजू नका. प्रत्येकीबद्दल विचारा, ‘यात काही निघालं, तर पुढे काय करणार?’ नीट उत्तर मिळालं नाही, तर ती चाचणी राहू द्या.

आणि माझ्याकडे येताना जुन्या रिपोर्टांसोबत एक कागद आणा. आईवडील, भावंडं यांना कोणता आजार कितव्या वर्षी झाला, ते त्यावर लिहा. वडिलांना ४८व्या वर्षी आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुलानं आणि मुलीनंही ३८व्या वर्षीच कोलोनोस्कोपी करून घ्यायला हवी, पन्नाशीपर्यंत थांबायचं नाही.