अर्धी नोट, आडवी ओळ

जुन्या इंग्लंडात घरच्यांना पैशाबद्दल पत्र लिहायचं तरी पैसे पडत, आणि भरायचे बहुधा पत्र ज्याच्या दारी जाई त्याने. १८१२च्या टपालदराने बाथहून लंडनला एका कागदाचे ९ पेन्स. दोन कागद झाले की १८. वेगळं पाकीटही कागदातच धरलं जाई, म्हणून मोठा ताव दुमडून चार पानं करायची. तीन भरून लिहायची, चौथ्याच्या मधोमध पत्ता, उरलेल्या कडांवर राहिलेला मजकूर. पत्र बंद करायची लाख बसणार ती जागा कोरी सोडायची. नाहीतर पत्र फोडताना कागद फाटतो आणि मजकुरातला भाड्याचा आकडा नेमका लाखेला चिकटून जातो.

तरीही जागा पुरत नसे. मग कागद काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरच आडव्या ओळी. नमस्कार-चमत्कार, हवापाणी असं लिहिलं तर चालतं. वाटणीची रक्कम त्या जाळीत टाकणारा भाऊ एकतर घाईत असावा, नाहीतर फार हुशार.

जानेवारी-जुलैची पत्रं हमखास व्याजाची. सरकारी तीन टक्क्यांच्या कर्जरोख्यांत विधवा बहिणीचे १००० पौंड असतील, तर सहामाहीचे १५. १८०६ ते १८१६ या काळात त्यातून दहा टक्के आयकर कापून हाती साडेतेरा. ते घ्यायला लंडनच्या बँकेत स्वतः जायचं, नाहीतर मुखत्यारपत्र द्यायचं. ते बहुतेक भावाकडे, आणि तिथूनच कुरबुरी सुरू.

रक्कम टपालाने पाठवायची तर नोट मधोमध कापायची. क्रमांक दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असे, त्यामुळे जोड जुळवता येई. एक तुकडा आज, पोहोच आली की दुसरा. दोन्ही एकाच टपालात घालणं म्हणजे कात्री वायाच. तुकडाही कागदच, म्हणून प्रत्येक खेपेला १८ पेन्स. एक पौंडाची नोट असेल, तर ती मिळवायला बहिणीचेच ३६ पेन्स, म्हणजे ३ शिलिंग गेले (पौंडाचे शिलिंग वीस).

यावर एक तोड, नात्यातला खासदार. त्याच्या सहीने रोज दहा पत्रं फुकट जात, वजन मात्र एक औंसापर्यंतच. अट अशी, की गाव, तारीख आणि पूर्ण पत्ता त्यानेच स्वहस्ते लिहायचा. म्हणजे काकांच्या मृत्युपत्रावर गुपचूप वकिलाचा सल्ला घ्यायचा, तर वकिलाचं नाव लिहायला काकांच्याच खासदार मुलाला बसवायचं.